मर्यादित खर्चात नवा हाय डेफिनिशन टीव्ही: ४३ इंची ठरला, पण कोणता?

दांडियाबाजारकर

नमस्कार मंडळी. आमच्या दिवाणखान्यातला काचेच्या नळीचा २१ इंची टीव्ही आता दुरुस्तीच्या पलीकडे गेला आहे आणि त्याच्या जागी नवा हाय डेफिनिशन संच घ्यायचा आहे. खर्चाची मर्यादा ३०,००० रुपये असून भिंतीवर बसवण्याचा खर्च, तारा वगैरे सगळे तीतच यावे अशी इच्छा आहे. हप्त्यांवर घ्यायचा नाही.

खोलीची रचना आधी सांगतो, कारण खरी अडचण तिथेच आहे. घर जुन्या बांधणीचे, विटा-चुन्याचे आहे. टीव्हीच्या भिंतीपासून सोफा नऊ फुटांवर, अगदी समोर आहे. परंतु कडीपाटाला टांगलेला झोपाळा डाव्या अंगाला असून तिथून पडदा बराच तिरका दिसतो, आणि आईची बसण्याची जागा तीच आहे. झोपाळा हलवता येत नाही आणि आईलाही तिथून हलवता येत नाही. संध्याकाळी ती केबलवर मराठी मालिका पाहते, बाबा बातम्या आणि क्रिकेट पाहतात, आणि मुले रात्री ओटीटीवर चित्रपट लावतात. मुलांची वेळ सोडली तर ट्यूबलाइट कायम चालू असते.

इथे वडोदऱ्यात रावपुरा आणि अलकापुरी भागांत चौकशी केली, तेव्हा सगळीकडे फोर-केचाच आग्रह झाला. “फुल एचडी हवे कोण ले छे, साहेब?” (आता फुल एचडी घेतो कोण?) असे एकाने तर तोंडावरच विचारले. ४३ इंचांत फुल एचडी संच अठरा-वीस हजारांत सांगितले, तर नावाजलेल्या कंपन्यांचे फोर-के संच सत्तावीस ते तीस हजारांत. हा आठ-दहा हजारांचा फरक कशासाठी द्यायचा, हे मला समजून घ्यायचे आहे.

कारेलीबागचा_अभियंता

प्रश्न योग्य विचारला आहे, कारण हा फरक केवळ पडद्यावरच्या बिंदूंसाठी (पिक्सेलसाठी) द्यायचा असेल तर तो देऊ नये, असे गणित सांगते. फुल एचडी पडद्यावर आडवे १९२० आणि उभे १०८० बिंदू असतात, म्हणजे एकूण सुमारे २०.७ लाख, फोर-केमध्ये ३८४० गुणिले २१६०, म्हणजे सुमारे ८३ लाख. चौपट बिंदू म्हणजे चौपट स्पष्ट चित्र, असा ग्रह दुकानात सहज होतो, कारण तिथे आपण पडद्यापासून दोन-तीन फुटांवर उभे असतो.

सामान्य दृष्टीच्या माणसाला दोन बिंदू वेगळे दिसण्यासाठी त्यांच्यातले अंतर डोळ्यापाशी साधारण एका अंशाच्या साठाव्या भागाइतका कोन करणारे असावे लागते. ४३ इंची पडद्याची रुंदी सुमारे ९५ सेंटिमीटर असते, म्हणजे फुल एचडीचा एक बिंदू जवळजवळ अर्ध्या मिलिमीटरचा झाला. अर्ध्या मिलिमीटरचे बिंदू साडेपाच फुटांच्या पुढे एकमेकांत मिसळून जातात. तुम्ही नऊ फुटांवर बसणार आहात. त्या अंतरावर फुल एचडीचे बिंदू सुटे दिसू लागण्यासाठी पडदा ७० इंचांच्या जवळपास असावा लागेल. फोर-केचा बिंदू याच्याही निम्मा, म्हणून ४३ इंची संचावर त्याचा पुरता लाभ घ्यायचा तर तीन फुटांच्या आत बसावे लागेल, आणि तसे कोणी बसत नाही. तीक्ष्ण नजरेच्या तरुणाला थोडा अधिक फरक दिसेल, पण तुमच्या सोफ्यावरून तो नगण्य आहे.

याच हिशेबातून आणखी एक गोष्ट निघते, जी दुकानात सहसा कोणी सांगत नाही. ३२ इंची ‘एचडी रेडी’ संचावर १३६६ गुणिले ७६८ बिंदू असतात आणि त्यांचा आकार ४३ इंची फुल एचडीच्या बिंदूंच्या जवळपास तेवढाच असतो. म्हणजे ३२ वरून ४३ वर गेल्याने चित्र अधिक बारीक होत नाही, फक्त मोठे होते. मात्र नऊ फुटांवरून धावफलक आणि बातम्यांच्या पट्ट्या वाचायच्या असतील, तर तो मोठेपणा हवाच. तेव्हा ४३ योग्य आहे, ३२ वर येऊ नका.

मांजलपूरकरीण

गणित पटले, पण माझ्या मते त्याच्याही आधीचा प्रश्न वेगळा आहे. तुमच्या घरात आज नेमके काय येते? दुकानातल्या पडद्यावर चालतो तो पेन ड्राइव्हमधला, मुद्दाम त्यासाठीच बनवलेला फोर-के नमुना असतो. केबलवरची मालिका तशी दिसणार नाही.

साध्या, म्हणजे एसडी वाहिनीच्या चित्रात ७२० गुणिले ५७६, अर्थात चार लाखांच्या थोडे वर बिंदू असतात. फोर-के पडद्यावर ते पसरायचे तर एका बिंदूच्या जागी संचाला वीस बिंदू भरावे लागतात. त्यांतले एकोणीस संचाने स्वतःच्या अंदाजाने भरलेले असतात. हा अंदाज चांगला आला की चित्र सुसह्य दिसते. चुकला की चेहरे मेणाचे दिसतात आणि अक्षरांभोवती कडा थरथरतात. नळीच्या २१ इंची संचावर हीच वाहिनी ठीक दिसत होती, कारण पडदा लहान होता आणि नळीचे ठिपके मुळातच मऊ असतात. नवा मोठा संच घरी आल्यावर आई “जुनाच बरा होता” म्हणतात, ते कित्येक घरांत याच कारणाने, आणि त्यांचे म्हणणे खोटे नसते.

म्हणून तुमचा सेट टॉप बॉक्स एचडी आहे का, आणि तो टीव्हीला कोणत्या तारेने जोडला आहे, हे प्रथम पाहा. लाल, पांढरी आणि पिवळी अशा तीन पिनांची तार असेल, तर तिच्यातून एचडी चित्र जातच नाही. बॉक्स एचडी असो वा नसो, वाहिनीचे पैसे भरलेले असोत वा नसोत, त्या तारेतून एसडीच येणार. एचडी चित्र आणि आवाज एकत्र नेणारी एचडीएमआयचीच तार हवी.

दांडियाबाजारकर

तपासले. बॉक्स जुना एसडी आहे आणि तार तीन पिनांचीच आहे; मागच्या संचाला दुसरी लागतच नव्हती. केबलवाल्याशी बोललो. एचडी बॉक्स बदलून मिळेल, पण मराठी वाहिन्यांपैकी आईला हव्या त्या तीन एचडीमध्ये घेतल्या तर महिन्याचा आकडा वाढेल. आणखी एक, अभियंत्यांनी कोनाचा हिशेब दिला म्हणून मीही मोजले: झोपाळा पडद्याच्या मध्यापासून साधारण सहा फूट पुढे आणि पाच फूट डावीकडे आहे.

मांजलपूरकरीण

तीन घेऊ नका, एकच घ्या. आई ज्या वाहिनीवर सर्वांत जास्त वेळ असतात, तेवढी एचडीमध्ये घ्यावी. बाकीच्या एसडीत राहिल्या तरी चालते. दूरसंचार नियामक प्राधिकरणाची २०१९ पासूनची जी पद्धत आहे, तिच्यात वाहिन्या सुट्या निवडता येतात, त्यामुळे केबलवाला संपूर्ण गठ्ठाच घ्यायला सांगत असेल तर सुट्या वाहिनीचा दर स्पष्ट शब्दांत विचारा. वडोदऱ्यात तयार गठ्ठे गुजराती आणि हिंदी वाहिन्यांभोवती बांधलेले असतात, मराठी वाहिन्या मागून घ्याव्या लागतात, हे तुम्हाला ठाऊक असेलच.

घरी ब्रॉडबँड असेल तर दुसराही मार्ग आहे. झी मराठीच्या मालिका झी-फाइव्हवर आणि स्टार प्रवाहच्या जिओहॉटस्टारवर असतात. पण ज्येष्ठ माणसाला ठरलेल्या वेळी ठरलेला आकडा दाबून वाहिनी लावण्याची सवय असते आणि ती मोडायला लावणे मला योग्य वाटत नाही.

निवृत्त_दुरुस्तीकार

मी या धंद्यात आयुष्य काढले. १९७५ साली इस्रोच्या उपग्रह प्रयोगाच्या वेळी खेडा जिल्ह्यात पीज येथे प्रक्षेपण केंद्र उभे राहिले, त्या काळापासून या यंत्रांचा नाद आहे, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

सहा फूट पुढे आणि पाच फूट बाजूला म्हणजे मातोश्री सुमारे ४० अंशांच्या कोनातून पाहणार. तुमच्या निवडीतली सर्वांत महत्त्वाची गोष्ट हीच आहे, आणि ती बिंदूंच्या संख्येत कुठेच येत नाही. तुमच्या किमतीतले सगळे संच, जाहिरातीत काहीही लिहिलेले असो, मागून एलईडीचा प्रकाश टाकलेले एलसीडीच असतात. ‘क्यूएलईडी’ लिहिलेलाही एलसीडीच, फक्त त्यात रंग अधिक शुद्ध करणारा एक थर वाढवलेला असतो; ज्यात प्रत्येक बिंदू स्वतःच प्रकाशतो त्या ओएलईडीशी त्याचा संबंध नाही. एलसीडी पॅनेलच्या दोन जाती बाजारात आहेत, व्हीए आणि आयपीएस. व्हीएमध्ये काळा रंग गडद येतो, पांढऱ्याचे काळ्याशी प्रमाण ३००० ला एक किंवा त्याहून अधिक असते. आयपीएसमध्ये ते १००० ला एकच्या आसपास असते, म्हणून अंधाऱ्या खोलीत काळा रंग राखाडी भासतो. परंतु व्हीए पॅनेल बाजूने पाहिले, की पंचवीस-तीस अंशांच्या पुढे रंग धुतल्यासारखे फिके पडतात आणि चेहरे पांढुरके दिसू लागतात. आयपीएस तिरके पाहिले तरी रंग बऱ्यापैकी टिकतात. त्यातून झोपाळा हलता असल्यामुळे कोन सारखा थोडाथोडा बदलणार, आणि व्हीएवर तो बदल डोळ्याला जाणवेल.

आता कोणी म्हणेल की काळा रंग गडद हवाच. अंधारात चित्रपट पाहणाऱ्याला हवाच. पण ट्यूबलाइट चालू असताना खोलीतला प्रकाश पडद्यावरून परावर्तित होतो आणि तोच काळ्या भागावर चढतो, त्यामुळे ३००० आणि १००० यांतला फरक बराचसा पुसला जातो. दिवा चालू ठेवून आणि बाजूला बसून पाहणाऱ्या घराला आयपीएसच योग्य.

पॅनेलची जात माहितीपत्रकात बहुधा छापलेली नसते, आणि एकाच मॉडेलमध्ये कधी ही तर कधी ती जात लागते. म्हणून दुकानात स्वतःच पाहा. पडद्यावर माणसाचा चेहरा ठळक दिसणारे दृश्य लावायला सांगा, समोर उभे राहा आणि मग हळूहळू बाजूला सरका. चेहऱ्याचा रंग कुठे उडतो ते पाहा. बोटाने पडदा दाबून पाहण्याचे उद्योग काही मंडळी करतात, ते करू नयेत. आणि संच दुकानाच्या झगमगीत ‘स्टोअर’ मोडमध्ये असतो, तो ‘होम’ किंवा ‘स्टँडर्ड’वर आणायला सांगा, एखादा विक्रेता टाळाटाळ करतो, तेव्हा आग्रह धरावा.

‘एचडीआर’ (उजळ भाग अधिक प्रखर आणि छाया अधिक गडद दाखवण्याची पद्धत) या शब्दासाठी तुमच्या मर्यादेत एक रुपयाही जास्त देऊ नका. या किमतीचे संच एचडीआरचा संकेत वाचतात खरे, पण तो दाखवायला लागणारी प्रखरता त्यांच्या दिव्यांत नसते.

गोत्रीरोड

काकांविषयी आदर ठेवून मतभेद नोंदवतो. तीस हजारांत आज ऑनलाइन ५५ इंची फोर-के संच मिळतात, नवीन कंपन्यांचे का असेनात. नऊ फुटांवर ५५ सहज बसतो, खरा एचडीचा आनंद मोठ्या पडद्यावरच आहे, आणि टीव्ही काही दर वर्षी घेतला जात नाही. तिरक्या कोनाचेच म्हणाल तर पुढे-मागे वळणारा हलता ब्रॅकेट लावा, संध्याकाळी पडदा झोपाळ्याकडे वळवा आणि रात्री सोफ्याकडे. मग कोणतेही पॅनेल चालेल.

निवृत्त_दुरुस्तीकार

हलत्या ब्रॅकेटची कल्पना सिमेंटच्या भिंतीवर उत्तम आहे. इथे भिंत विटा-चुन्याची आहे. पडदा भिंतीलगत असतो तेव्हा वजन सरळ खाली लागते, पण हात बाहेर काढून तोच पडदा दीड फूट पुढे आणला की वरचे खिळे बाहेर खेचले जातात. अशा भिंतीला गिलावा जाड आणि भुसभुशीत असतो. स्क्रूसाठी ठोकायचे साधे प्लास्टिकचे प्लग विटेपर्यंत पोहोचतही नाहीत. लांब स्क्रू वापरून, विटेत पक्की पकड घेऊन भिंतीलगतचा स्थिर ब्रॅकेट लावावा, आणि ४३ इंचीचे वजन दहा किलोच्या आत असल्यामुळे तो निभावतो. ५५ इंचीला मी स्वतः अशा भिंतीवर हात लावला नसता.

कंपनीविषयीही एक सांगतो. पॅनेल गेले, तर बदलण्याचा खर्च नव्या संचाच्या किमतीच्या इतका जवळ जातो की वॉरंटी संपल्यावर कोणी बदलत नाही. म्हणून वॉरंटी किती वर्षांची, तीत पॅनेल धरलेले आहे का, आणि माणूस वडोदऱ्यातून येतो की अहमदाबादहून, हे तीन प्रश्न किमतीच्या आधी विचारावेत. शेजारच्या एका गृहस्थांचा नव्या कंपनीचा संच पॅनेलच्या सुट्या भागाअभावी महिनोन्‌महिने भिंतीवर नुसताच लटकत होता.

कारेलीबागचा_अभियंता

गोत्रीरोड यांच्या म्हणण्यातला फोर-के घेण्याचा भाग मला खरा वाटतो, त्यांनी त्याचे कारण मांडले नाही इतकेच. आकाराचे मात्र पटत नाही: एसडी चित्र एकाचे वीस करताना जो दोष येतो, तो पडदा जितका मोठा तितका ठळक दिसतो. म्हणून आई एसडी केबल पाहणार असतील, तर ५५ हा त्यांच्यावर अन्यायच आहे. पण ४३ मध्ये आजकाल कंपन्या बरा प्रोसेसर, पुरेशी मेमरी आणि बरे पॅनेल फोर-के संचांतच घालतात, आणि फुल एचडी हा सर्वांत खालचा वर्ग करून ठेवतात. म्हणून नाइलाजाने फोर-के घ्यावा लागतो. बिंदूंसाठी नव्हे, तर त्यांच्याबरोबर येणाऱ्या बाकीच्या गोष्टींसाठी. अर्थात चांगल्या पॅनेलचा आणि पुरेशा मेमरीचा फुल एचडी संच कमी किमतीत मिळाला, तर तो नि:शंक घ्यावा.

फतेगंजवाली

मेमरीचा विषय निघाला म्हणून लिहिते. स्वस्त स्मार्ट टीव्हीत पडद्याच्या आधी सॉफ्टवेअर म्हातारे होते. एक जीबी रॅमचा संच घेतलात, तर दोन वर्षांत ॲप उघडताना तुम्ही पाणी पिऊन परत याल. दोन जीबी रॅम किमान धरावी.

‘अँड्रॉइड’ एवढाच शब्द पाहून फसू नका. गूगलने प्रमाणित केलेला गूगल टीव्ही किंवा अँड्रॉइड टीव्ही वेगळा, आणि मोबाइलसाठीचे मोफत अँड्रॉइड टीव्हीवर चढवलेले वेगळे. दुसऱ्या प्रकारात नेटफ्लिक्ससारखी ॲप एकतर येत नाहीत किंवा चालली तरी नक्कल रोखणाऱ्या संरक्षणाची आवश्यक पातळी नसल्यामुळे हाय डेफिनिशनमध्ये चालत नाहीत. म्हणजे फोर-के पडदा घेऊन त्यावर एसडी पाहणे आले. एलजीची वेबओएस आणि सॅमसंगची टायझेन या त्यांच्या स्वतःच्या प्रणाली आहेत. सोनी आणि टीसीएल यांच्या संचांवर गूगल टीव्ही असते. या तिन्हींपैकी कोणतीही प्रणाली प्रमुख ॲपसाठी पुरेशी आहे, त्यामुळे केवळ प्रणालीवरून निवड करण्याचे कारण नाही.

इंटरनेटच्या वेगाची फार चिंता नको. नेटफ्लिक्स फुल एचडीसाठी ५ एमबीपीएस आणि फोर-केसाठी १५ एमबीपीएस वेग सांगते. शहरातल्या साध्या ब्रॉडबँडलाही तो असतो. पण तुमच्या घराच्या भिंती जाड आहेत, राउटर आतल्या खोलीत असेल तर वायफाय दिवाणखान्यापर्यंत दुबळे पोहोचेल. टीव्ही बसवतानाच लॅनची तार आणून ठेवा.

आणि आईंसाठी एक सोय: सेटिंग्जमध्ये संच चालू होताच थेट सेट टॉप बॉक्सचे एचडीएमआय उघडेल असे करता येते का, ते दुकानातच करून पाहा. चालू केल्याबरोबर जाहिरातींनी भरलेला मुख्य पडदा समोर येणे हे ज्येष्ठांना सर्वांत जास्त गोंधळवते.

कारेलीबागचा_अभियंता

आवाजाविषयी एकच गोष्ट. चपट्या संचातले स्पीकर खाली किंवा मागे तोंड करून असतात आणि आकड्यात वीस वॉट लिहिलेले असले तरी संवाद पुटपुटल्यासारखे ऐकू येतात, म्हणून बाबांना ऐकायला त्रास असेल तर दोन-तीन हजार बाजूला ठेवून एचडीएमआय एआरसीने (टीव्हीचा आवाज बाहेर देणाऱ्या एचडीएमआय जोडणीने) जोडता येईल असा छोटा साउंडबार नंतर घ्यावा.

हिशेबनीस_निझामपुरा

किमतीच्या बाजूचे मी सांगतो. १ जानेवारी २०१९ पासून ३२ इंचांपर्यंतच्या टीव्हींवर जीएसटी १८ टक्के झाला, पण त्याहून मोठ्यांवर २८ टक्केच राहिला. २२ सप्टेंबर २०२५ पासून मोठ्या संचांवरही १८ टक्के झाला. करापूर्वीची किंमत २४,००० असेल तर पूर्वी बिल ३०,७२० रुपयांचे होत होते, आता ते २८,३२० रुपयांचे होते. म्हणजे करामुळे ४३ इंचीला जी वेगळी शिक्षा होती ती संपली. दुकानदाराच्या बिलावर कराचा दर १८ टक्केच आहे ना, तेवढे पाहून घ्या. छापील किंमत आणि विक्रीची किंमत यांतली ‘सूट’ मात्र हिशेबात धरू नका, ती संख्या कोणीच कधी देत नाही.

ऑनलाइन आणि दुकान यांच्या किमतीत हजार-पंधराशेचा फरक असेल तर मी दुकानातून घेईन. पॅनेल तिरके पाहून निवडायचे असेल तर ते दुकानातच होते, आणि बसवायला माणूस येईल तेव्हा खोके त्याच्यासमोर उघडून पडदा चालू करून पाहता येतो. बिलावर संचाचा अनुक्रमांक लिहून घ्या. कुरबूर झाली आणि कोणी दाद देईना, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे.

विजेचेही विचारून ठेवतात, म्हणून सांगतो: ८० वॉटचा संच रोज पाच तास चालला तर महिन्याला १२ युनिट होतात. वीज बचतीच्या ताऱ्यांची पट्टी जरूर पाहा, पण एका ताऱ्यासाठी पॅनेल बदलू नका.

गोत्रीरोड

भिंतीचे पटले, माघार घेतो. मात्र विश्वामित्रीकाठच्या वस्त्यांत ज्यांनी ऑगस्ट २०२४ चा पूर पाहिला आहे, त्यांनी संच टेबलावर न ठेवता भिंतीवरच लावावा, ही पुस्ती जोडतो. आमच्या ओळखीच्या अनेक तळमजल्यांवर टेबलावरचेच संच गेले.

दांडियाबाजारकर

सर्वांचे आभार. काल पुन्हा दुकानांत जाऊन काकांनी सांगितल्याप्रमाणे बाजूला सरकत पाहिले. फरक इतका स्पष्ट होता की बरोबर आलेल्या मुलानेही तो न सांगता ओळखला: एका फुल एचडी संचावर आणि एका फोर-केवरही निवेदिकेचा चेहरा तिसऱ्या पावलालाच पांढरा पडला, तर दुसऱ्या एका ४३ इंची फोर-केवर तो कडेपर्यंत टिकला. तोच घ्यायचे ठरवले आहे. कंपनीचे सेवा केंद्र शहरातच आहे, रॅम दोन जीबी, वॉरंटीत पॅनेल धरलेले आहे. बिल २८,००० च्या आत बसते, ब्रॅकेट, एचडी बॉक्सचा बदल आणि एचडीएमआय तार धरून तीस हजारांत काम होईल. एक वाहिनी एचडी, बाकीच्या तशाच. रात्रीच्या चित्रपटांत काळा रंग थोडा राखाडी दिसेल, ते मुलांनी मान्य केले आहे.

उरलेले दोन प्रश्न: किती उंचीवर लावावा, आणि चित्राच्या सेटिंग्ज काय ठेवाव्यात? शिवाय जुन्या नळीच्या टीव्हीचे काय करायचे?

निवृत्त_दुरुस्तीकार

उंची झोपाळ्यावरून ठरवा, सोफ्यावरून नको. मातोश्रींना झोपाळ्यावर बसवून जमिनीपासून त्यांच्या डोळ्यांपर्यंतची उंची मोजा आणि पडद्याचा मध्य तिच्या आसपास किंवा चार-सहा इंच वर ठेवा. लोक फोटोच्या तसबिरीच्या उंचीला टीव्ही टांगतात आणि मग मान दुखते म्हणतात.

चित्रासाठी ‘स्टँडर्ड’ किंवा ‘सिनेमा’ मोड घ्या, ‘व्हिविड’ नको. शार्पनेस जवळजवळ शून्यावर आणा. एसडी वाहिन्यांवर तो वाढवला की कडा थरथरतात, मांजलपूरकरीण ताईंनी वर्णन केलेला दोष त्यानेच दुप्पट होतो. हालचाल गुळगुळीत करणारी सोय मालिका-चित्रपटांसाठी बंद ठेवा, क्रिकेटला हवी असल्यास चालू करा. वीज वाचवणारा मोड पडदा अंधुक करतो, तो ट्यूबलाइटखाली बंदच बरा. चित्राच्या आकाराच्या पर्यायांत ‘जस्ट स्कॅन’ किंवा ‘स्क्रीन फिट’ असे काही असेल तर एचडी बॉक्ससाठी ते निवडा, नाहीतर संच चारही कडांनी चित्र कापून उरलेले ताणतो आणि एचडीचा उपयोग कमी होतो. जुनी मालिका चौकोनी येत असेल तर दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या राहू द्या. ताणून पडदा भरला की माणसे जाड दिसतात.

स्टॅबिलायझरची गरज बहुधा पडत नाही, कारण आजचे संच १०० ते २४० व्होल्टवर चालतात. पावसाळ्यात वीज चमकू लागली की मात्र प्लगबरोबर केबलची गोल तारही बॉक्समधून काढावी. विजेचा धक्का त्या तारेने आत येऊन बॉक्स आणि त्याच्या मागोमाग एचडीएमआयचे तोंड जाळतो, हे मी पुष्कळ घरांत पाहिले आहे.

जुना संच कबाडीवाल्याला देऊ नका. तो तांब्यासाठी नळी फोडतो, आणि त्या काचेत शिसे असते. २०२२ च्या ई-कचरा नियमांनी उत्पादकांवर जुन्या यंत्रांच्या पुनर्चक्रणाची जबाबदारी टाकली आहे, त्यामुळे नवा संच घेताना दुकानदाराला जुना उचलायला सांगा. एक्स्चेंजमध्ये त्याचे फारसे पैसे येणार नाहीत, पण नेण्याचे भाडे तरी तुमच्यावर पडू नये, एवढे बिल करण्याआधी ठरवून घ्या.